कुठे उभे होतात, हे आधी विचारा

पत्र

मी ३६ वर्षांची आहे. रॉक संगीत आणि सुपरहिरोंचे चित्रपट या दोन्हींचे वेड मला शाळेत असल्यापासून आहे आणि माझ्याहून १४ वर्षांनी लहान असलेल्या भावाला ते मीच लावले. काही महिन्यांपूर्वी आम्ही दोघे एका बँडच्या कॉन्सर्टला गेलो. त्याच बँडची गाणी मी त्याला लहानपणी ऐकवत असे. मोठे उघडे मैदान होते. तो गर्दीतून वाट काढत थेट मंचापुढच्या कठड्यापाशी गेला, मी मागे डाव्या कडेला थांबले. मला कार्यक्रम मुळीच आवडला नाही. आवाज गढूळ होता, गायकाचा गळा उतरला होता, ओळखीची गाणी खालच्या पट्टीत गायली जात होती, काही भाग तर सरळसरळ ध्वनिमुद्रित होता, जुन्या गाण्यांऐवजी नव्या अल्बममधली गाणी माथी मारली गेली आणि डोळ्यांसमोर सतत उंचावलेले फोन होते. परतीच्या वाटेवर मी हे सगळे त्याला सांगितले. त्याचे कान दुसऱ्या दिवशीपर्यंत वाजत होते आणि तो ते कौतुकाने सांगत होता. माझे बोलणे ऐकून मात्र तो गप्प झाला.

त्यानंतर आम्ही एक सुपरहिरोपट पाहिला. श्रेयनामावली सुरू होताच मी म्हणाले, की हे लोक वर्षानुवर्षे एकच चित्रपट पुन्हा पुन्हा बनवत आहेत. शेवटी आकाश फाटते, शहर कोसळते आणि खरोखर कोणी मरत नाही. तो म्हणाला, ‘ताई, तुला आता काहीच आवडत नाही.’ आता माझ्या अत्यंत लाडक्या नायकाच्या भूमिकेत नवा नट घेऊन चित्रपट येतो आहे. ट्रेलर पाहूनच मी सांगून टाकले, की हा मला चालणार नाही. भावाने मित्रांबरोबर तिकिटे काढली, मला विचारलेही नाही. माझी मते चुकीची आहेत का? की चाहतीने मत मांडूच नये? की माझे वय झाले?

— मागे उभी राहिलेली एक चाहती

उत्तर

प्रिय चाहती,

वयाचा यात फारसा संबंध नाही आणि मत मांडू नये असे तर मी कधीच म्हणणार नाही. एखाद्या गोष्टीवर जीव जडला की तिच्याबद्दल मत होणारच. तुमच्या मतांपैकी चित्रपटाबद्दलचे मला बरेचसे पटते, कॉन्सर्टबद्दलचे अर्धे पटते आणि नव्या नटाबद्दलचे अजिबात पटत नाही. तरीही भावाशी तुमचे बिनसले ते निव्वळ मतभेदामुळे, असे पत्र वाचून मला वाटत नाही. ही तीन निरनिराळ्या जातीची मते आहेत आणि तुम्ही ती तिन्ही एकाच ठामपणाने सांगितलीत. कॉन्सर्टबद्दलचे मत एका संध्याकाळी, एका जागेवर उभे राहून बनलेले असते. चित्रपट सगळ्यांना तोच दाखवला जातो, त्यामुळे तिथे फरक पडतो तो पाहणाऱ्याच्या आयुष्याचा. आणि न पाहिलेल्या चित्रपटाबद्दल मनात जे असते, ती निव्वळ धास्ती असते.

आधी कॉन्सर्ट घेऊ, कारण तिथे बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

तुम्ही मागे, डाव्या कडेला होता आणि भाऊ कठड्यापाशी होता. एवढ्या एका वाक्यावरून मी म्हणेन, की तुम्ही दोघांनी त्या रात्री दोन वेगळे कार्यक्रम ऐकलेत, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे मंचापासून १०० मीटर अंतरावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत तो पोहोचायला पाव सेकंदाहून अधिक वेळ लागतो. ड्रमवर पडलेली काठी मोठ्या पडद्यावर आधी दिसते आणि ठोका मागाहून ऐकू येतो. मोठ्या मैदानांत मधल्या अंतरावर खांब उभारून त्यांवर स्पीकर लावतात आणि त्यांतून येणारा आवाज मुद्दाम किंचित उशिराने सोडतात, तो मंचाकडून येणाऱ्या आवाजाशी जुळावा म्हणून. पण ही जुळणी सगळ्या जागांसाठी सारखी साधत नाही आणि कडेला ती हमखास बिघडते. त्यात वरच्या पट्टीतला आवाज अंतराबरोबर हवेतच झपाट्याने विरतो, वारा त्याला इकडेतिकडे वळवतो, आणि खालच्या पट्टीतला बेस तेवढा लांबवर पोहोचतो. शब्दांची धार आणि गिटारची चकाकी वरच्या पट्टीतच असल्यामुळे मागे पोहोचते ती बहुतांशी गडगड. तुम्हाला आवाज गढूळ वाटला, कारण तुम्ही जिथे होता तिथे तो गढूळच होता. तुमच्या भावाला मात्र मंचावरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आणि ड्रमचा आवाज थेट येत होता, पायांखालची जमीन थरथरत होती, आणि गायकाचा चेहरा त्याला पडद्याविना दिसत होता. त्याला तो कार्यक्रम दणदणीत वाटला, तेही खरेच.

रॉकच्या इतिहासातल्या काही अत्यंत गाजलेल्या कार्यक्रमांत तर कोणालाच नीट ऐकू आलेले नाही. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर ५५,००० हून अधिक लोक होते. बीटल्ससाठी खास १०० वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर बनवून घेतले होते, आणि शिवाय बेसबॉलच्या सामन्यात घोषणा करण्यासाठी वापरली जाणारी स्टेडियमची ध्वनियंत्रणा होती. किंकाळ्यांपुढे त्यातले काहीही टिकले नाही. त्या काळात ड्रमर रिंगो स्टार पुढे उभ्या असलेल्या तिघांच्या हालचाली पाहून गाणे कुठवर आले ते ओळखत असे. वर्षभराने, ऑगस्ट १९६६ मध्ये, बीटल्सनी दौरे कायमचे थांबवले. एक श्रोती म्हणून मला या गोष्टीचे फार वाईट वाटते, कारण त्यांना ऐकू येईल अशी यंत्रे त्यानंतर अवघ्या काही वर्षांतच आली.

आज ती यंत्रे आहेत, आणि म्हणूनच कुठे उभे राहायचे हे ठरवणे तुमच्या हातात आहे. मैदानाच्या मध्यभागी, मंचासमोर थोड्या अंतरावर साउंड इंजिनीअरचे मिक्सिंग डेस्क असते. इंजिनीअर कार्यक्रमाचा आवाज त्या जागी उभा राहून, स्वतःच्या कानांनी जुळवत असतो. त्याच्या आसपास उभे राहिलात तर बँडला जे ऐकवायचे आहे त्याच्या सर्वांत जवळचे तुम्हाला ऐकू येईल. कठड्याजवळच्या धक्काबुक्कीत मिळणारा आनंद वेगळा आणि तोही मोठा आहे, पण कान देऊन ऐकणाऱ्या माणसाने डेस्क शोधावे, असे माझे पक्के मत आहे. शक्य असेल तेव्हा तर मी मैदान सोडून दोन-तीन हजारांचे बंदिस्त सभागृहच निवडेन.

तुमच्या उरलेल्या तक्रारी जागेवर अवलंबून नाहीत, म्हणून त्या वेगळ्या पाहते.

गाणी खालच्या पट्टीत गायली, याला मी दोष मानत नाही. वय वाढले की गळ्याची वरची टोके सुटू लागतात. विशी-पंचविशीत किंचाळून गायलेली पट्टी साठीत रोज रात्री लागणे फार थोड्यांना शक्य असते. अशा वेळी गायकापुढे तीन वाटा असतात: पट्टी उतरवायची, न लागणारे सूर श्रोत्यांकडून गाऊन घ्यायचे, किंवा ओठ हलवत ध्वनिमुद्रण लावायचे. पहिली वाट मला प्रामाणिक वाटते, दुसरी समजण्यासारखी आहे आणि तिसरी मी कधीही मान्य करणार नाही. म्हणून ध्वनिमुद्रित भागाबद्दलची तुमची तक्रार मला नीट तपासून घ्यावीशी वाटते. ध्वनिमुद्रण वापरले एवढ्याने फसवणूक होत नाही. द हू हा बँड १९७१ पासून काही गाण्यांत सिंथेसायझरची टेप लावून तिच्याबरोबर वाजवत असे आणि ड्रमर कीथ मून कानांना हेडफोन लावून त्या टेपशी ताल जुळवत असे. क्वीनच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याच्या मध्यभागी अनेक पदरी आवाजांचा जो ऑपेरासारखा भाग आहे, तो चार माणसांना मंचावर गाणे अशक्य होते. म्हणून तेवढ्या वेळापुरता बँड मंचावरून निघून जाई, टेप आणि दिवे काम करत, आणि पुढचा जोरकस भाग सुरू होताच चौघे परत येऊन तो स्वतः वाजवत. श्रोत्यांपासून त्यांनी काही लपवले नाही. तुम्ही ऐकलेल्या कार्यक्रमात मागची वाद्ये किंवा साथीचे आवाज ध्वनिमुद्रित असतील, तर मी बँडच्या बाजूने उभी राहीन. मुख्य गायकाचा आवाजच ध्वनिमुद्रित असेल, तर तुमच्या. तुमच्या पत्रात हे स्पष्ट नाही आणि माझा कयास आहे, की भावाशी बोलतानाही ते स्पष्ट झाले नसावे.

नव्या गाण्यांबद्दल तर मी तुमच्याशी उघड वाद घालेन. आयर्न मेडनने २००६ च्या दौऱ्यात आपला नवा कोरा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग वाजवला, आणि जुनी गाणी ऐकायला आलेले कित्येक चाहते नाराज झाले. मला त्या बँडचा तो निर्णय आदरणीय वाटतो. जिवंत बँडला नवे सुचत असते. ते वाजवायला मंच मिळाला नाही, तर उरते ती केवळ त्याच त्या गाण्यांची उजळणी. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये लोकसंगीताचा गायक म्हणून गाजलेला बॉब डिलन इलेक्ट्रिक बँड घेऊन उभा राहिला तेव्हा श्रोत्यांतून एकजण ‘ज्यूडस’ असे ओरडला. येशूचा विश्वासघात करणाऱ्याचे ते नाव. लोकसंगीत सोडल्याचा राग त्या एका शब्दात होता. तो कार्यक्रम १९९८ मध्ये अधिकृतपणे अल्बम म्हणून प्रसिद्ध झाला आणि आज तो रॉकच्या थोर कार्यक्रमांत गणला जातो. ओरडणाऱ्या त्या चाहत्याचे प्रेम खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते उदाहरण मला महत्त्वाचे वाटते: ज्याचे प्रेम सर्वांत जुने, त्यालाच बदल सर्वांत आधी बोचतो, आणि तो बोचला म्हणजे समोरचे वाईट झाले, असा निष्कर्ष तिथल्या तिथे काढणे सोपे असते.

फोनबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. अर्थात ध्वनिमुद्रण करण्याला माझा विरोध नाही. ग्रेटफुल डेडने तर १९८४ पासून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करणाऱ्या चाहत्यांसाठी मिक्सिंग डेस्कच्या मागे स्वतंत्र जागा राखून ठेवली, म्हणजे त्यांचे मायक्रोफोन इतरांच्या वाटेत येणार नाहीत. त्रास होतो तो मागच्याचे दृश्य अडण्याचा. एखादे गाणे टिपावे आणि फोन खिशात टाकावा, एवढी अपेक्षा रास्त आहे, आणि ती भावाला प्रेमाने सांगता येईल.

आता एक गोष्ट, जी तुम्ही ओघात लिहून गेलात आणि जी मला तुमच्या सगळ्या पत्रात सर्वांत गंभीर वाटते: त्याचे कान दुसऱ्या दिवशीपर्यंत वाजत होते. कान वाजणे म्हणजे आतल्या कानातील सूक्ष्म रोमपेशींवर ताण आल्याची खूण आहे. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषाप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सुरक्षित मानला जातो आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटे उरते. रॉक कॉन्सर्टमध्ये कठड्याजवळ १०० डेसिबल ही नेहमीची गोष्ट आहे आणि कार्यक्रम दोन-अडीच तास चालतो. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी बजावले, की दौरा थांबवला नाही तर पूर्ण बहिरेपण येऊ शकेल, आणि त्याला मध्येच दौरा सोडावा लागला. द हूचा गिटारवादक पीट टाउनशेंड आपल्या कानांच्या हानीबद्दल अनेक वर्षे उघडपणे बोलत आला आहे. तेव्हा भावाला संगीतासाठी बनवलेले इअरप्लग घेऊन द्या. ते सगळ्या पट्ट्यांचा आवाज जवळपास सारख्याच प्रमाणात उतरवतात, त्यामुळे गाणे दबून जात नाही. उलट कर्कशपणा गेल्याने शब्द अधिक स्पष्ट कळतात, हा माझाही अनुभव आहे. तुम्हीही वापरा. आणि त्याचे कान पुन्हा कधी एक-दोन दिवसांहून जास्त वाजत राहिले, किंवा एका कानाने कमी ऐकू येते आहे असे वाटले, तर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला हवे. या एका बाबतीत ताई म्हणून तुम्ही हट्ट धरलात तरी मी तुम्हाला दोष देणार नाही.

आता चित्रपट. इथे तुमचे निरीक्षण अचूक आहे, असे आधी सांगते. मार्व्हलचा ‘आयर्न मॅन’ २००८ मध्ये आला आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये आलेला ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ हा त्या मालिकेतला २२वा चित्रपट होता. अकरा वर्षांत बावीस. त्यानंतर ओटीटीवरच्या मालिकाही सुरू झाल्या, आणि एक चित्रपट कळण्यासाठी आधीचे बरेच काही पाहून ठेवावे लागू लागले. हे अति होते आहे, हे निर्मात्यांच्याही ध्यानात आले. मार्व्हलची मालक कंपनी असलेल्या डिस्नीचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी २०२४ मध्ये जाहीर केले, की यापुढे मार्व्हल वर्षाला दोन किंवा फार तर तीन चित्रपट आणि दोनच्या आसपास मालिका काढेल. शेवटच्या अर्ध्या तासातली पडझड तुम्हाला एकसारखी वाटते, यालाही कारण आहे. अशी दृश्ये संगणकावर कितीतरी आधी आखली जातात, बऱ्याचदा दिग्दर्शकाहून वेगळा चमू ती बांधतो, आणि त्यामुळे चित्रपटाचा पहिला भाग एका माणसाच्या नजरेतून आलेला वाटतो, तर शेवट कारखान्यातून आलेला.

पण तोच चित्रपट तुमच्या भावाला आवडला आणि त्याच्या डोळ्यांसमोर तीच चित्रे होती. इथे जागेचा किंवा स्पीकरचा प्रश्न नाही. फरक असा, की या मालिकेच्या सुरुवातीला तुम्ही मोठ्या झालेल्या होता आणि तो लहान मूल होता. त्या अकरा वर्षांत तो त्या नायकांबरोबर वाढला. तुम्हाला जी पुनरावृत्ती वाटते ती त्याला ओळखीच्या माणसांची भेट वाटत असेल, तर त्यात त्याच्या अभिरुचीचा काही कमीपणा नाही. दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१९ मध्ये म्हटले होते, की हे चित्रपट त्यांना सिनेमापेक्षा थीम पार्कच्या जवळचे वाटतात. त्या विधानावर दोन्ही बाजूंनी खूप लिहिले गेले. मला स्वतःला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. हेच स्कॉर्सेसी तरुणपणी वुडस्टॉक महोत्सवावरच्या माहितीपटाच्या संकलनात होते, आणि १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेला ‘द बँड’ याच नावाच्या बँडचा निरोपाचा कार्यक्रम त्यांनी ज्या तन्मयतेने चित्रित केला, तसा फार कोणी केलेला नाही. हजारो माणसे एका क्षणी एकत्र उसळतात तेव्हा काय होते, हे त्यांना कॅमेऱ्यातून फार जवळून ठाऊक आहे. ‘एंडगेम’च्या पहिल्या खेळांना, गमावलेले नायक एकामागून एक परत येतात त्या दृश्यात, चित्रपटगृहांत जो कल्लोळ उठला तो मला त्याच जातीचा वाटतो. तिथे सिनेमा कॉन्सर्टच्या सर्वांत जवळ गेला. तुम्ही ज्या दोन गोष्टींवर सारखेच प्रेम करता, त्या तिथे एकत्र आल्या. तसे त्यांचे नाते जुने आहे. १९७७ मध्ये मार्व्हलने किस या बँडवर कॉमिक काढले तेव्हा छपाईच्या लाल शाईत बँडमधल्या चौघांचे थोडे रक्त मिसळले होते.

म्हणून एकच विनंती करते. हा प्रकारच संपला, असे सरसकट म्हणू नका. कुठे संपला आणि कुठे शिल्लक आहे, ते सांगा. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये वडील हृदयविकाराने जातात आणि इतक्या शक्ती असूनही आपण त्यांना वाचवू शकलो नाही, हे त्या मुलाला कळते, त्या दृश्यात काहीही कोसळत नाही आणि तरी संपूर्ण चित्रपटाचे वजन त्याच्यावर आहे. २०१८ च्या स्पायडरमॅनच्या अ‍ॅनिमेशनपटात नवशिका माइल्स सेकंदाला १२ चित्रांच्या गतीने हलतो, तर शेजारी उडणारा अनुभवी स्पायडरमॅन २४ च्या. मुलाचा अवघडलेपणा संवादाविना डोळ्यांना जाणवतो, आणि तो शिकत जातो तसा तो सफाईने हलू लागतो. या प्रकारात अजून असे करून दाखवता येते. तुम्ही भावाला हे दाखवलेत, तर तुमची तक्रारही त्याला अधिक कळेल, कारण तुम्हाला काय हवे आहे हे त्याच्यासमोर असेल.

राहिला नवा नट. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकेल कीटनचे नाव जाहीर झाले तेव्हा वॉर्नर ब्रदर्सकडे सुमारे ५०,००० निषेधपत्रे आल्याचे सांगितले जाते. विनोदी भूमिका करणारा हा नट चाहत्यांना चालणार नव्हता. चित्रपट १९८९ मध्ये आला आणि पुढे तेच चाहते इतर नटांना कीटनच्या मापाने मोजू लागले. बॅटमॅनचा शत्रू जोकर याच्या भूमिकेसाठी हीथ लेजरची निवड झाली तेव्हाही अशीच नापसंती उमटली होती. त्या भूमिकेसाठी त्याला २००९ मध्ये मरणोत्तर ऑस्कर मिळाले. प्रत्येक नव्या नटाच्या बाबतीत असेच घडेल, असा याचा अर्थ नाही. कित्येक निवडी खरोखर फसलेल्या आहेत. पण ट्रेलरची दोन-अडीच मिनिटे जाहिरात करणाऱ्यांनी जुळवलेली असतात आणि त्यांवरून अभिनय कळत नाही.

तुमचे पत्र पुन्हा वाचताना मला आणखी एक गोष्ट जाणवली आणि ती तुम्हाला सांगावीशी वाटते. कॉन्सर्टमध्ये तुम्हाला खुपले ते गायकाचे म्हातारे होणे, आणि चित्रपटात खुपते आहे ते नायकाचे पुन्हा तरुण होणे. एकीकडे माणूस तोच राहिला आणि आवाज बदलला. दुसरीकडे भूमिका तीच राहिली आणि माणूस बदलला. दोन्हीकडे तुमच्या मनातली पहिली प्रतिमा हलली आहे. ही वेदना खरी आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. केवळ ती बँडच्या किंवा नटाच्या खात्यावर दोष म्हणून मांडली जाऊ नये, असे मला वाटते. एसी/डीसीचा आधीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला, त्याच्या जागी ब्रायन जॉन्सन आला, आणि जुलैमध्ये आलेला ‘बॅक इन ब्लॅक’ हा रॉकच्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमपैकी एक ठरला. नव्या गळ्यातून आलेले त्याचे शीर्षकगीत १९८० मध्ये कित्येकांना परके वाटले असेल. २००८ चा ‘आयर्न मॅन’ त्याच गाण्याने सुरू होतो आणि तुमच्या भावाच्या पिढीला ते जुनेजाणते गाणे म्हणूनच ठाऊक आहे.

आता काय करायचे ते सांगते. भावाला फोन करा आणि त्या कॉन्सर्टबद्दल विचारा: कठड्यापाशी काय दिसले, गायक जवळून कसा वाटला, कोणत्या गाण्याला पाय थरथरले. त्याने सांगून झाल्यावर तुम्ही मागे उभ्या राहून काय ऐकलेत ते सांगा, जागेसकट. कार्यक्रमाहून परतताना मात्र यापुढे पहिला प्रश्न तुमचा असू द्या आणि पहिले मत त्याचे; तुमचे मत दुसऱ्या दिवशी सांगितलेत तरी त्याची धार कमी होत नाही आणि त्याची रात्र त्याला पूर्ण मिळते. नवा चित्रपट तो मित्रांबरोबर पाहणार आहे, तर पाहू द्या. त्यांच्यात घुसू नका. तुम्ही तो पहिल्या आठवड्यातच, भरलेल्या चित्रपटगृहात, वेगळा पाहा, कारण अशा चित्रपटाला गर्दी लागते. मग त्याला म्हणा, की मी पाहिला, मला अमुक दृश्य आवडले, तमुक नाही, तुझे काय मत आहे. आवडण्यासारखे काहीच सापडले नाही, तर तेही सांगा; तेव्हा ते पाहून बनलेले मत असेल आणि त्यावर तो तुमच्याशी मनसोक्त भांडू शकेल. पुढच्या कॉन्सर्टला इअरप्लगचे दोन जोड घ्या, पहिला अर्धा वेळ त्याच्याबरोबर पुढे काढा, आणि उरलेला अर्धा वेळ त्याला मिक्सिंग डेस्कपाशी घेऊन या.